आयुष्याच्या टप्प्यांची पाषाणरूपे

शिल्प हा शब्द उच्चारताच चौकातील पुतळा, गाभाऱ्यातील मूर्ती किंवा देवळाच्या भिंतीवरील सुरसुंदरी डोळ्यांपुढे उभी राहते. मानवाकृतीचा आधार न घेता केवळ चौकोन, अष्टकोन, वर्तुळ, निमुळता स्तंभ अथवा अर्धगोल यांच्या साहाय्याने आशय व्यक्त करणारेही शिल्प असते. कलेच्या परिभाषेत त्याला अमूर्त भौमितिक शिल्प असे म्हणतात. हा प्रकार विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडे आला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. संज्ञा तिकडून आली हे खरे. परंतु त्यामागील दृष्टी महाराष्ट्राच्या मातीत फार जुनी आहे. जन्म, व्रतबंध, विवाह आणि मृत्यू या आयुष्यातील टप्प्यांची खूण साध्या भौमितिक आकाराने करावी आणि ती खूण चारचौघांच्या वावराच्या जागी ठेवावी, ही रीत येथे शतकानुशतके चालत आलेली आहे. पुणे शहरातील नारायण पेठ आणि तिचा परिसर हा या रीतीचा अभ्यास करण्यास अत्यंत सोयीचा आहे.

पेठेचे स्थान

नारायण पेठ ही मुठा नदीच्या काठी, शनिवार आणि सदाशिव या पेठांच्या शेजारी वसलेली आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत (१७६१ ते १७७२) ती वसविण्यात आली आणि त्यांचे धाकटे बंधू नारायणराव यांचे नाव तिला देण्यात आले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा वध झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. शहराचा एक भाग अशा रीतीने एका अकाली संपलेल्या आयुष्याचे नाव आजही धारण करून आहे.

लोकमान्य टिळकांच्या वास्तव्याने पुनीत झालेला केसरीवाडा याच पेठेत आहे. पत्र्या मारुती, मोदी गणपती ही देवस्थानेही येथलीच. पेठेतील अनेक बोळ अरुंद आहेत. वाडे जाऊन त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरीही देवळी, पार, वृंदावन, शेंदूर लावलेला एखादा दगड अशा खुणा पायी चालणाऱ्याच्या दृष्टीस पडतात. रोजच्या जाण्यायेण्यात त्यांच्याकडे लक्ष जात नाही. त्यांचा अर्थ मात्र शोधणाऱ्यास सापडतो.

घरातील तीन दगड

सार्वजनिक जागेतील दगड समजून घेण्यापूर्वी घरातील दगडाकडे वळावे लागते. महाराष्ट्रातील अनेक घरांत बारशाच्या दिवशी मूल पाळण्यात घालण्याआधी स्वयंपाकघरातील वरवंटा त्यात ठेवतात. त्याला कुंची घालतात, पाळण्याच्या खालून-वरून तो एकीने दुसरीच्या हाती द्यायचा असतो आणि मग बाळ पाळण्यात जाते. वरवंट्याला डोळे नाहीत, नाक नाही. तो केवळ एक गुळगुळीत दंडगोल आहे. तरीही त्या क्षणी तो बाळाचे प्रतिरूप असतो. दगडासारखे दणकट आयुष्य बाळाला लाभावे, ही त्यामागील भावना आहे.

दुसरा दगड विवाहात येतो. अश्मारोहण या विधीत वधूचे पाऊल पाषाणावर ठेवले जाते. संसारात स्थिर राहण्याची इच्छा त्यातून व्यक्त होते. तिसरा दगड अंत्यविधीतील. चितेभोवती फिरताना खांद्यावरील मडक्याला ज्या खड्याने छिद्र पाडतात, तो खडा जपून ठेवला जातो. त्यालाच अश्मा किंवा जीवखडा म्हणतात. दहा दिवस तोच मृताच्या ठिकाणी मानला जातो आणि पुढे पाण्यात सोडला जातो.

या तिन्ही दगडांवर कोरीवकाम नाही. त्यांचा अर्थ आकाराच्या साम्यातून येत नाही. समूहाने एकत्र येऊन दिलेल्या मान्यतेतून तो येतो. अमूर्त शिल्पाचे मूलतत्त्व याहून वेगळे नाही. पाहणाऱ्याने आकृतीत चेहरा शोधायचा नसतो. तिचे वजन, तिची जागा आणि तिच्याभोवती जमणारी माणसे ध्यानात घ्यायची असतात. कलादालनात एखादा घडीव ठोकळा पाहून गोंधळून जाणारा प्रेक्षक घरच्या बारशात मात्र वरवंट्याचा अर्थ बिनचूक ओळखत असतो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

अपुऱ्या आयुष्याची खूण

नारायण पेठेत मुंजाबाचा बोळ या नावाचा एक बोळ आहे. मुंजाबा ही लोकदेवता महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत परिचित आहे. मुंज झाली, परंतु सोडमुंज होण्यापूर्वी, म्हणजेच विवाहाच्या उंबरठ्यावर येण्याआधीच जो मुलगा मरण पावला, त्याचा वास पिंपळावर असतो, अशी लोकसमजूत आहे. पिंपळाच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला एक दगड ठेवून त्याचे स्थान दाखविले जाते.

या समजुतीतील भयाचा भाग बाजूला ठेवला असता तिच्यातील सामाजिक आशय स्पष्ट होतो. दोन टप्प्यांच्या मध्ये अडकलेल्या आयुष्याला समाजाने एक जागा दिली. ज्या काळात देवी, पटकी, प्लेग अशा रोगांनी घरोघरची मुले दगावत असत, त्या काळात शोकाला ठावठिकाणा मिळणे ही फार मोठी गरज होती. पूर्ण वयाच्या कर्त्या माणसाची समाधी बांधता येते. पण ज्याचे काहीच झाले नाही, त्याची कोणती मूर्ती घडवायची? त्याच्यासाठी न घडविलेला दगडच यथार्थ ठरला. अशा अनघड पाषाणाला तांदळा असे म्हणतात. अनेक ग्रामदेवता तांदळ्याच्या रूपातच पूजिल्या जातात. घडण अपुरी ठेवणे हाही अर्थ व्यक्त करण्याचा एक मार्ग आहे, हे यावरून दिसून येते.

नदीकाठची वृंदावने

नारायण पेठेच्या एका अंगाला मुठा नदी आहे. लकडी पुलाजवळ, नदीकाठी, नानासाहेब पेशवे यांची समाधी आहे. पानिपतच्या धक्क्यानंतर २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचे निधन झाले. थोडे पुढे, शनिवार पेठेतील ओंकारेश्वराच्या आवारात, वसईच्या मोहिमेचे सेनानी चिमाजी अप्पा यांची समाधी आहे. त्यांचा मृत्यू डिसेंबर १७४० मधील. ज्यांच्या नावाने इतिहासाची प्रकरणे लिहिली गेली, त्यांच्या स्मृतीसाठी त्या काळी पुतळे उभारले गेले नाहीत. दगडी चौथरा, त्यावर वृंदावन अथवा शिवलिंग, एवढ्यावरच काम भागविण्यात आले.

वृंदावन हा आकार मराठी माणसाच्या अंगणातून स्मशानभूमीपर्यंत गेलेला आहे. खाली रुंद चौरस बैठक, मध्ये आत घेतलेला गाभा, दिवा ठेवण्यासाठी एका बाजूस कोनाडा, वर पुन्हा बाहेर येणारी पट्टी आणि माथ्यावर तुळशीसाठी मातीची जागा, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. अंगणात त्याच्याभोवती दरवर्षी तुळशीचे लग्न लागते. नदीकाठी हाच आकार चितेच्या जागी उभा राहतो. एकाच आकाराने विवाह आणि मृत्यू या दोन्ही टप्प्यांना सामावून घेतले आहे. माथ्यावरील रोप वाळते, पुन्हा लावले जाते; खालचा दगड तसाच राहतो. नश्वर आणि स्थिर यांचा हा मेळ शिल्पकाराच्या नव्हे, तर परंपरेच्या कल्पकतेतून साधला गेला आहे.

वृंदावनाच्या इतिहासाची दुसरी बाजूही नमूद करणे आवश्यक आहे. नारायण पेठ ज्यांच्या काळात वसली त्या माधवरावांचे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निधन झाले. त्यांच्या पत्नी रमाबाई तेथेच सती गेल्या. थेऊरला त्यांचे वृंदावन आहे. त्या काळातील स्त्रीच्या नावाने सार्वजनिक जागी दगड उभा राहिला तो बहुधा अशाच प्रसंगी. सतीशिळांवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असतो. व्यक्तीचे नाव क्वचितच आढळते. सतीची चाल कायद्याने १८२९ मध्ये बंगालमध्ये आणि त्यानंतर मुंबई इलाख्यात बंद झाली. जगलेल्या, मुले वाढविलेल्या, संसार केलेल्या असंख्य स्त्रियांची भौमितिक कला मात्र उंबऱ्यासमोरील रांगोळीत राहिली. ती रोज काढली गेली आणि रोज पुसली गेली. कोणाच्या आयुष्याला दगड मिळाला आणि कोणाच्या आयुष्याला रांगोळी, हा प्रश्न या विषयाच्या अभ्यासकाने टाळू नये.

चौकोनातून वर्तुळाकडे

हे आकार असेच का, याचे एक उत्तर दगडात आहे. पुणे परिसरातील खडक हा ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट होय. तो कठीण आहे. संगमरवर किंवा वालुकाश्म यांच्याप्रमाणे त्यावर नाजूक नक्षी सहजासहजी उमटत नाही. सपाट पृष्ठ, स्वच्छ कडा आणि ठसठशीत कोन यांतच त्याचे सौंदर्य खुलते. छिन्नी, हातोडा, गुण्या आणि ओळंबा एवढ्या साधनांवर काम करणाऱ्या पाथरवटाने दगडाचा हा स्वभाव ओळखला.

दुसरे उत्तर भूमितीत आहे. चौरसापासून अष्टकोन कसा काढावा, हे शालेय विद्यार्थ्यालाही पडताळून पाहता येईल. ३४ अंगुळे बाजूचा चौरस घ्यावा. प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर १० अंगुळांवर खूण करावी आणि त्या खुणा जोडून कोपरा छाटावा. मूळ बाजूचा १४ अंगुळांचा भाग शिल्लक राहतो. छाटलेल्या कोपऱ्याची नवी बाजू पायथागोरसच्या सिद्धांतानुसार १४ अंगुळांहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे १४.१४ भरते. फरक इतका अल्प की डोळ्याला तो जाणवत नाही. अष्टकोनाचे कोपरे पुन्हा छाटले की सोळा बाजू होतात, त्यानंतर बत्तीस. आणि शेवटी घासून वर्तुळ सिद्ध होते.

या क्रमाला आपल्या परंपरेने अर्थ दिलेला आहे. शिल्पशास्त्रानुसार शिवलिंगाचा तळाचा भाग चौरस असून त्याला ब्रह्मभाग म्हणतात. मधला अष्टकोनी भाग विष्णुभाग आणि वरचा वर्तुळाकार भाग रुद्रभाग होय. उत्पत्ती, स्थिती आणि लय या तीन अवस्था तीन आकारांत मांडल्या गेल्या. पुजेच्या वेळी दिसतो तो केवळ वरचा भाग. खालचे दोन पीठात आणि भूमीत दडलेले असतात. रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीचा चौथराही अष्टकोनी आहे. देवळापुढील दीपमाळही याच कुळातील. खाली रुंद, वर निमुळती होत गेलेली, पणत्यांसाठी ठरावीक अंतरावर हात पुढे केलेली दीपमाळ अनेकदा नवस फेडण्यासाठी बांधली जाई. जेजुरीच्या गडावरील दीपमाळांची रांग पाहिली म्हणजे एकेका घराण्याच्या आयुष्यातील समाधानाचा क्षण सार्वजनिक उजेडात कसा रूपांतरित झाला, हे ध्यानात येते.

भाजे येथील चौदा स्तूप

या दृष्टीचे प्राचीन उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. मळवली स्थानकाजवळील भाजे येथील बौद्ध लेण्यांची सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात झाली. तेथे चौदा लहान स्तूपांचा एक समूह आहे. त्यांपैकी पाच खडकात कोरलेल्या जागेच्या आत असून नऊ बाहेर आहेत. येथे राहून गेलेल्या स्थविरांच्या स्मरणार्थ ते कोरण्यात आले. अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी स्थविरांची नावे त्यांवरील लेखांत आढळतात.

स्तूपाचे घटक मोजके आहेत. खाली दंडगोल, त्यावर अर्धगोल अंड, त्यावर चौकोनी हर्मिका आणि सर्वांत वर छत्र. आरंभीच्या बौद्ध कलेत भगवान बुद्धांची मूर्ती घडविली जात नसे. त्यांच्या आयुष्यातील टप्पे खुणांनी दाखविले जात. बोधिवृक्ष म्हणजे ज्ञानप्राप्ती, चक्र म्हणजे पहिले प्रवचन आणि स्तूप म्हणजे महापरिनिर्वाण. भाज्याच्या चौदा स्तूपांत लहान-मोठे असा भेद आहे, परंतु आकार सर्वांचा एकच. मृत्यूनंतर प्रत्येकाचा चेहरा वेगळा दाखविण्याऐवजी सर्वांना एका आकारात आणणे, हा त्यातील समतेचा विचार दोन हजार वर्षांनंतरही बोलका आहे. नागपूरची दीक्षाभूमी आणि मुंबईची चैत्यभूमी या आधुनिक महाराष्ट्रातील वास्तूंनी हाच आकार पुन्हा स्वीकारला, यामागे हा विचार आहे.

हौद कोणासाठी?

सार्वजनिक जागेतील भौमितिक आकारांत पुण्याच्या हौदांचा उल्लेख केल्यावाचून विवेचन पूर्ण होत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रज येथे तलाव बांधून जमिनीखालील नळाने पाणी शहरात आणले. ठिकठिकाणी हौद बांधण्यात आले. फडके हौद, काळा हौद, नाना हौद, बदामी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी आहेत. काही ठिकाणी हौद गेले, नाव तेवढे उरले. दगडी चौकट आणि तिच्या मध्यभागी पाण्याचा आरसा, एवढीच ही रचना. तिच्या काठावर पेठेचे सारे आयुष्य गोळा होत असे.

तथापि सारे म्हणजे सगळे नव्हे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला या पाण्याला हात लावण्याची मुभा नव्हती. १८६८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हौदाचा आकार तोच राहिला. त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी बदलला. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव संमत झाला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथील चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांच्या वापरावरील भेदभावाला मनाई केली. जागा सार्वजनिक असते ती दगडाने बांधल्यामुळे नव्हे. तिच्यापर्यंत पोहोचण्याचा अधिकार सर्वांना असल्यामुळे ती सार्वजनिक ठरते.

अर्थ बदलण्याचे दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील कोरेगाव भीमा येथील स्तंभाचे आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्मरणार्थ ईस्ट इंडिया कंपनीने हा चौकोनी, निमुळता स्तंभ उभारला. त्यावर कामी आलेल्या सैनिकांची नावे कोरलेली असून त्यांत महार सैनिकांची नावे लक्षणीय आहेत. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी तेथे भेट दिली. ज्या समाजाच्या आयुष्याची दगडावर नोंद होत नसे, त्या समाजाला आपल्या पूर्वजांची नावे तेथे वाचता आली. कंपनीच्या विजयासाठी उभारलेली आकृती अशा रीतीने स्वाभिमानाची खूण बनली. भौमितिक शिल्पाला चेहरा नसल्यामुळेच पुढील पिढ्या त्यात आपला अर्थ भरू शकतात.

इंदूरला न उभारलेले मंदिर

विसाव्या शतकात युरोपातील कलावंतांनी अमूर्त आकाराचा नव्याने शोध घेतला. त्यांत रुमानियात जन्मलेले कॉन्स्टंटिन ब्रांकुशी (१८७६ ते १९५७) यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांच्या कार्याचा मराठी जगाशी थेट संबंध आला होता, ही गोष्ट फारशी परिचित नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (द्वितीय) यांनी त्यांची अवकाशातील पक्षी या नावाची तीन शिल्पे खरेदी केली. एक ब्राँझचे, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचे. पंख, चोच, पाय यांपैकी काहीही नसलेली ती केवळ वर झेपावणारी सडपातळ आकृती आहे. या शिल्पांसाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधण्याची योजना आखण्यात आली. १९३७ मध्ये महाराणी संयोगिताबाई यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रांकुशी इंदूरला येऊन गेले. पण मंदिर उभे राहिले नाही. दोन्ही संगमरवरी पक्षी पुढे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले आणि ते आज कॅनबेरा येथे आहेत.

ब्रांकुशी यांनी लगेचच, १९३८ मध्ये, रुमानियातील तिर्गू झिऊ या गावी तीन भागांचे स्मारक पूर्ण केले. पहिल्या महायुद्धात गावाचे रक्षण करताना पडलेल्या सैनिकांच्या स्मृतीसाठी ते उभारण्यात आले. वर्तुळाकार दगडी मेज, दगडी कमान आणि सुमारे २९ मीटर उंचीचा अनंत स्तंभ असे त्याचे भाग आहेत. नदीकाठच्या बागेतील मेजापासून रस्त्याच्या टोकाच्या स्तंभापर्यंत चालत जाणारा नागरिक भेट, मीलन आणि निरोप या आयुष्यातील अवस्थांतूनच जणू जातो. २०२४ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात या स्मारकाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

महाराष्ट्रातील शिल्पकारांनीही या वाटेवर मोलाचे काम केले आहे. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे एक संस्थापक सदानंद बाकरे, आदि दाविएरवाला आणि पिलू पोचखानवाला ही नावे येथे आदराने घेतली पाहिजेत. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुका या संस्थेची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी रचली. संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांच्या या संस्थेतील मधले प्रांगण कुंडाच्या धर्तीवर आहे. जुन्या पुण्याच्या हौदाशी आणि देवळापुढील कुंडाशी त्याचे नाते सहज ओळखता येते.

नागरिकांचे कर्तव्य

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला ही धरणे फुटली आणि मुठेचा लोंढा नदीकाठच्या पेठांत शिरला. नारायण पेठेलाही त्याची झळ पोहोचली. कित्येक वाडे कोसळले आणि त्यांच्याबरोबर अंगणातील वृंदावने, कट्टे, देवळ्या यांचीही हानी झाली. आज पुराऐवजी बेफिकिरीमुळे होणारी हानी अधिक आहे. वाडा पाडताना वृंदावन राडारोड्यात जाते. रस्ता उंच होत जातो आणि पाराच्या पायऱ्या त्याखाली गडप होतात. काळ्या पाषाणावर तैलरंग चढतो, फरशी बसविली जाते आणि मूळ आकार दिसेनासा होतो.

महाराष्ट्र राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांविषयीचा अधिनियम आणि केंद्राचा १९७२ चा पुरावशेष अधिनियम यांनी महत्त्वाच्या वास्तूंना आणि शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांना संरक्षण देण्याची तरतूद केली आहे. तथापि बोळातील प्रत्येक दगडावर शासनाला पहारा ठेवता येणार नाही. यासाठी शाळा, महाविद्यालये, गणेशोत्सव मंडळे आणि गृहनिर्माण संस्था यांनी पुढाकार घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी लागणारी साधने घरोघरी उपलब्ध आहेत. टेप घेऊन वृंदावनाची लांबी, रुंदी व उंची मोजावी. चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. कोनाडा कोणत्या दिशेस आहे, आकार चौरस की अष्टकोनी, अक्षरे कोरलेली आहेत काय, याची नोंद करावी. परिसरातील वयोवृद्धांकडून त्या दगडाविषयीची आठवण लिहून घ्यावी. शेंदराचे कवच स्वतः खरवडू नये. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत रंग भरू नये. बांधकामाच्या वेळी शिल्प हलविणे अपरिहार्य असेल तर आधी पुरातत्त्व विभागास कळवावे.

नव्या स्मारकांच्या उभारणीतही या परंपरेचा विचार व्हावा. बुधवार पेठेतील भिडेवाड्यात १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. शाळेत पडलेले पहिले पाऊल हा त्या मुलींच्या आयुष्यातील केवढा मोठा टप्पा होता! परंपरेने स्त्रीसाठी बारसे, लग्न आणि मृत्यू एवढेच टप्पे मानले होते; त्यांत या पावलाने एका नव्या टप्प्याची भर पडली. तरीही दीर्घ काळ त्या जागी त्याची यथोचित खूण नव्हती. २०२३ च्या अखेरीस ती जीर्ण वास्तू उतरविण्यात आली आणि तेथे राष्ट्रीय स्मारक उभारण्याचे ठरले. अशा स्मारकांत पुतळ्याबरोबरच उंबरठा, पायरी, पाटी यांसारखे सर्वांच्या अनुभवातील साधे आकार उपयोगी पडू शकतात. लहान मुलीला त्या पायरीवर बसता आले, आणि आजीने तिला तेथे काय घडले ते सांगितले, तर त्या दगडाचे काम झाले असे म्हणता येईल.